भुईमुगाचं हिरवं राहिलेलं झाड खरंच तांबेरा-प्रतिकारक आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाने खरिपात फुले प्रगती म्हणजे जेएल २४ हा भुईमूग केला होता. सप्टेंबरात तांबेरा आणि टिक्का हे पानांवरचे दोन्ही बुरशीचे रोग जोरात आले आणि सगळं रान करपलं. त्यात ११ झाडं मात्र काढणीपर्यंत हिरवी राहिली. गटाने त्यांच्या शेंगा वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवल्या आहेत. ही झाडं प्रतिकारक मानायची का, हा गुण बियाण्यातून पुढे जाईल का, आणि यातलं किती गटाला आपल्याच रानात तपासता येईल?

शेंगा झाडागणिक वेगळ्या ठेवल्यात, हे फार चांगलं केलंत. एकत्र केल्या असत्या तर तपासायला काही उरलंच नसतं. थेट उत्तर द्यायचं तर ही झाडं प्रतिकारक असू शकतात, पण एका हंगामात हिरवं राहणं हा त्याचा पुरावा होत नाही. रोगाच्या कुठल्याही चाचणीत मी आधी एकच गोष्ट विचारतो: त्याच जागी, त्याच वयाचं, रोगाला हमखास बळी पडणारं झाड पुरतं आजारी पडलं होतं का? ते पडलेलं दिसलं तरच हिरव्या झाडाबद्दल काही बोलता येतं. खालची सगळी मेहनत त्या एका प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळावं म्हणून आहे.

झाड रोगातून नुसतंच सुटतं, याला कारणं पुष्कळ असतात. नांग्या भरताना दोन-तीन आठवड्यांनी टोकलेल्या बियाचं झाड वयानेच लहान असतं, म्हणून हिरवं दिसतं. बियाण्यात उशिरा येणाऱ्या निमपसऱ्या वाणाची भेसळ असेल तर तेही मागे राहून हिरवं दिसतं. बांधाकडेला वारा लागून पानांवरचं दव लवकर सुकलं की तांबेऱ्याच्या बीजाणूला रुजायला ओल पुरत नाही, आणि तेवढा पट्टा वाचतो. आणखी एक कारण आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही: ज्या झाडाला शेंगा कमी, त्याचा पाला जास्त दिवस टिकतो. शेंगा भरताना झाड पानांतलं अन्न ओढून घेतं. ओढणारं कोणी नसलं की पानं तरणी राहतात. म्हणून आजच ११ पिशव्या उघडा आणि प्रत्येकीतल्या भरलेल्या शेंगा मोजा. आजूबाजूच्या जेएल २४ च्या झाडांना जेवढ्या शेंगा होत्या, त्याच्या निम्म्याही ज्या पिशवीत नसतील तिच्यावर फार आशा ठेवू नका. शेंगेचा आकार, टोक, जाळी आणि दाण्याचा रंगही बघा. जेएल २४ शी जुळत नसेल तर ते झाड दुसऱ्याच वाणाचं आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त आपल्याला ते माहीत असायला हवं.

मला स्वतःला हीच शक्यता मोठी वाटते. जेएल २४ हा जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने परदेशातून आलेल्या ईसी ९४९४३ या साहित्यातून निवड करून काढलेला वाण. लवकर येणारा, उत्पन्नाला चांगला, देशभर पसरलेला. पण तांबेरा आणि टिक्का या दोन्हींना तो बळी पडतो. शिवाय लागवडीच्या भुईमुगाचा अनुवंशिक पायाच फार अरुंद आहे. दक्षिण अमेरिकेत दोन रानटी जातींचा नैसर्गिक संकर झाला, त्यातून ४० गुणसूत्रांचं हे पीक निघालं, आणि नंतर आपल्या रानटी भाऊबंदांपासून ते जवळजवळ तुटलं. त्यामुळे जेएल २४ च्या शुद्ध बियाण्यात आपोआप प्रतिकारक झाड उगवणं दुर्मीळ. त्याऐवजी कर्नाटकातून आलेलं जीपीबीडी ४ सारखं बियाणं मळणीत किंवा पिशवीत मिसळलं गेलं असण्याचा संभव जास्त. जीपीबीडी ४ हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा उपटा वाण, तांबेरा आणि उशिरा येणारा टिक्का या दोन्हींना चांगला टिकणारा. तुमची झाडं त्यातलीच निघाली तर तुमचा वेळ वाचेल. नाही निघाली तर मात्र प्रकरण खरोखर रंजक आहे.

आता करायचं काय. ११ पिशव्यांतलं निम्मं बी थंड, कोरड्या जागी हवाबंद डब्यात ठेवून द्या. त्याला हात लावायचा नाही. उरलेलं उन्हाळी हंगामात, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, फक्त बी वाढवण्यासाठी लावा. उन्हाळ्यात आपल्याकडे तांबेऱ्याला हवा मानवत नाही, त्यामुळे त्या हंगामात रोगाची चाचणी करण्यात अर्थ नाही. एका झाडाची एक ओळ, प्रत्येक ओळीला पाटी. भुईमूग स्वपरागी आहे. मधमाश्यांमुळे थोडा संकर होतो, पण बहुतेक बी आपल्याच झाडाच्या परागाचं असतं. म्हणून ओळ एकसारखी दिसली तर मूळ झाड शुद्ध होतं असं धरायचं. ओळीत काही झाडं उंच, काही बुटकी, काही लवकर फुलणारी निघाली तर ते झाड संकरित होतं, आणि त्या ओळीतली झाडं पुन्हा एकेक करून वेगळी काढावी लागतील. फुलोरा किती दिवसांनी सुरू झाला ते प्रत्येक ओळीसाठी वहीत लिहा. पुढे याचा उपयोग सांगतो.

खरी चाचणी खरिपातच घ्या. त्यासाठी दोन तुलनेचे वाण लागतील: हमखास बळी पडणारा जेएल २४, तोही नव्या प्रमाणित बियाण्याचा, आणि हमखास टिकणारा जीपीबीडी ४. या दोघांशिवाय चाचणी करू नका. जेएल २४ आजारी पडला तर रोग पुरेसा आला हे सिद्ध होतं. जीपीबीडी ४ टिकला तर रोगाचा मारा अवाजवी नव्हता हेही कळतं. तुमच्या ओळी या दोघांच्या मध्ये कुठे बसतात, एवढंच आपल्याला बघायचं आहे. ओळींमध्ये ३० सेंटिमीटर, दोन झाडांत १० सेंटिमीटर, ओळ चार मीटर. बी पुरत असेल तर प्रत्येक संततीच्या तीन ओळी रानात तीन वेगवेगळ्या ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून. सगळ्या एकाच कोपऱ्यात लावल्या तर तुम्ही वाणाची नाही, कोपऱ्याची परीक्षा घ्याल.

दर चार ओळींनंतर एक ओळ रोग पसरवणारी लावा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत याच कामासाठी टीएमव्ही २ हा बळी पडणारा वाण वापरत आले आहेत. तुमच्याकडे जेएल २४ चालेल. ही ओळ चाचणीच्या ओळींपेक्षा दहा-पंधरा दिवस आधी पेरा, म्हणजे रोग तिच्यावर आधी वाढतो आणि वाऱ्याने दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. शेजारच्या शेतकऱ्याचा भुईमूग लागूनच असेल तर ही चाचणी तिथे घेऊ नका. आपण मुद्दाम रोग आणतो आहोत. त्याचा त्रास दुसऱ्याच्या रानाला होता कामा नये.

रोग निसर्गावर सोडला तर एखाद्या कोरड्या खरिपात पूर्ण वर्ष वाया जातं. म्हणून पीक ४० ते ५० दिवसांचं झालं की बीजाणू स्वतः सोडायचे. गावातल्या तांबेरा आलेल्या भुईमुगाची पानं आणा, ब्रशने खालच्या बाजूची नारिंगी भुकटी स्वच्छ पाण्यात झाडा, दोन पदरी मलमलीतून गाळा, भुकटी पाण्यात नीट मिसळावी म्हणून सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका. प्रयोगशाळेत काचेच्या मोजपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून एका मिलिलिटरला साधारण ५० हजार बीजाणू ठेवतात. तुमच्या जवळच्या कृषी महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असतोच, तिथे एकदा मोजून घ्या. म्हणजे पुढच्या वर्षी तेवढंच द्रावण करता येईल. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला पोचेल अशी. पंप कुठल्याही बुरशीनाशकाला लागलेला नको. नाही तर बीजाणू पंपातच मरतील. रोगट झाडं कुंड्यांत लावून ओळींमध्ये ठेवली तरी चालतात, आणि अनुभवाने सांगतो, दोन्ही एकत्र केलं की रोग जास्त एकसारखा येतो. नंतरचे तीन-चार आठवडे पाऊस नसेल त्या दिवशी संध्याकाळी तुषार संच अर्धा तास चालवा. पान रात्रभर ओलं राहणं, यावर तांबेऱ्याचं आणि टिक्क्याचं सगळं अवलंबून असतं.

आता दोन रोगांची गुंतागुंत. तांबेरा आणि टिक्का एकाच पानावर जागेसाठी भांडतात. टिक्क्याने पान गळून पडलं की त्या झाडावर तांबेरा कमी दिसतो, आणि आपण भाबडेपणाने त्याला तांबेरा-प्रतिकारक म्हणून बसतो. तांबेऱ्याचं पान वाळतं पण बराच काळ झाडावर लटकून राहतं. टिक्क्याचं पान गळतं, ही ओळखायची सोपी खूण. फक्त तांबेरा तपासायचा असेल तर कार्बेन्डाझिमची फवारणी करा: ते टिक्क्यावर काम करतं, तांबेऱ्यावर करत नाही, त्यामुळे तांबेरा एकटा मागे उरतो. पूर्वी याच्या उलट बाजूला ट्रायडेमॉर्फ वापरून तांबेरा थांबवत आणि टिक्का तपासत, पण भारतात आता त्यावर बंदी आहे. तुम्ही पहिल्या वर्षी तांबेऱ्याचीच चाचणी करा. दोन्ही एकदम कराल तर दोन्हींचं उत्तर धूसर येईल.

नोंदी कशा घ्यायच्या, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक चाचण्या इथेच ढिल्या पडतात. भुईमुगासाठी १ ते ९ गुणांची पद्धत सगळीकडे चालते. १ म्हणजे रोग नाही. २ म्हणजे पानांचा १ ते ५ टक्के भाग रोगट, ३ म्हणजे ६ ते १०, ४ म्हणजे ११ ते २०, ५ म्हणजे २१ ते ३०, ६ म्हणजे ३१ ते ४०, ७ म्हणजे ४१ ते ६०, ८ म्हणजे ६१ ते ८०, आणि ९ म्हणजे ८१ ते १०० टक्के. साधारण ३ पर्यंत प्रतिकारक, ४-५ मध्यम, त्यापुढे बळी पडणारा असं धरतात. पण शेवटची एकच नोंद घेऊ नका. ७०, ८५ आणि १०० दिवसांना, म्हणजे तीन वेळा घ्या, आणि गुणांबरोबर टक्केही लिहा. शक्यतो तिन्ही वेळा एकाच माणसाने, ओळीवरची पाटी न वाचता. कुठली ओळ आपली लाडकी आहे हे माहीत असलं की डोळा गुण कमी देतो. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं.

तीन नोंदी का, ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा जेएल २४ वर ७० दिवसांना १० टक्के, ८५ ला ३० आणि १०० ला ७० टक्के रोग आला. पहिल्या पंधरा दिवसांची सरासरी २०, गुणिले १५, झाले ३००. दुसऱ्या पंधरा दिवसांची सरासरी ५०, गुणिले १५, झाले ७५०. एकूण १०५०. तुमच्या एखाद्या ओळीवर २, ६ आणि १५ टक्के आला असेल तर ४ गुणिले १५ म्हणजे ६०, आणि साडेदहा गुणिले १५ म्हणजे १५७.५, एकूण २१७.५. या आकड्याला रोगवाढीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणतात. भुईमुगातली तांबेऱ्याची प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा रोग पूर्ण अडवणारी नसते, ती त्याला सावकाश वाढू देते. ही सावकाशी एका दिवसाच्या नोंदीत दिसत नाही, या आकड्यात दिसते.

इथेच फुलोऱ्याची वही कामाला येते. उशिरा फुलणारी ओळ १०० व्या दिवशी इतरांपेक्षा कमी वयाची असते, आणि तिच्यावर रोग कमीच असणार. म्हणून तुलना पेरणीपासूनच्या दिवसांनी करा, आणि फुलोऱ्यापासूनच्या दिवसांनीही करा. दोन्हीकडे ओळ सरस राहिली तर बरं. फक्त पहिल्यात राहिली तर ती उशिरा येणारी आहे, एवढंच म्हणता येईल. जगभरातल्या संग्रहांत तांबेऱ्याला टिकणारे जुने वाण सापडले आहेत, पेरूच्या तारापोतो भागातले काही प्रसिद्ध आहेत, पण त्यातल्या बऱ्याच वाणांच्या शेंगा जाड सालीच्या, उतारा कमी, आणि पीक उशिरा येणारं. हिरवा पाला आणि चांगलं उत्पन्न ही जोडी आपोआप जमत नाही.

आता भिंग घ्या, दहापट वाढवणारं साधं भिंग पुरे, आणि मुख्य खोडावरचं वरून तिसरं-चौथं उघडलेलं पान उलटं करून बघा. जेएल २४ च्या पानावर तांबेऱ्याचे फोड टाचणीच्या डोक्याएवढे, फुटलेले, कडेची साल फाटून वर उचललेली दिसते, आणि बोट फिरवलं की नारिंगी-तपकिरी भुकटी बोटाला लागते. टिकणाऱ्या वाणावर फोड असतात, पण बारीक, बरेचसे न फुटलेले, भोवती पानाचा भाग तपकिरी होऊन मेलेला, आणि बोटाला भुकटी लागत नाही म्हणा इतकी कमी. लागलेल्या जागी पेशी मरतात आणि बुरशीला खायला उरत नाही. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते. ही खूण मला टक्क्यांपेक्षाही जास्त बोलकी वाटते. फोड आहेत पण भुकटी नाही, असं झाड दिसलं की समजा इथे झाड काहीतरी करतं आहे. एकही फोड नसलेलं झाड दिसलं तर मात्र आधी संशय घ्या: कदाचित त्याच्यापर्यंत बीजाणू पोचलेच नाहीत.

हा संशय फेडायला घरातल्या खोलीत करता येईल अशी एक सुंदर चाचणी आहे. भुईमुगाचं पान देठाच्या मुळाशी जो फुगीर सांधा असतो तिथून, सांध्यासकट काढा. चाळून धुतलेली, उकळून घेतलेली वाळू उथळ ट्रेमध्ये पसरा, ओलसर ठेवा, त्यात पानाचा सांधा खोचा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा. काही दिवसांत त्या सांध्याला मुळं फुटतात आणि पान कित्येक आठवडे जिवंत राहतं. ट्रे उजेडात, पण उन्हात नाही, साधारण २५ अंशांवर. मग सगळ्या पानांवर एकाच वेळी, एकाच पंपाने बीजाणूंचं द्रावण फवारा. इथे वारा नाही, बांध नाही, वय सारखं, शेंगांची ओढ नाही. उरतो फक्त वाण. रोज सकाळी भिंगाने बघायचं: पहिला पिवळा ठिपका कधी दिसला, पहिला फोड कधी फुटला, एका पर्णिकेवर फोड किती. बळी पडणाऱ्या वाणावर फोड फुटायला साधारण दहा-बारा दिवस लागतात; टिकणाऱ्यावर याला बरेच जास्त दिवस लागतात आणि काही फोड फुटतच नाहीत. रानातला निकाल आणि ट्रेमधला निकाल जुळला तर तुमच्या हातात भक्कम गोष्ट आली.

डीएनए चाचणीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ती सांगायलाच हवी. १९६० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात बोलिव्हियातून आणलेल्या अरॅकिस कार्डेनासी या रानटी भुईमुगाशी लागवडीच्या भुईमुगाचा संकर केला गेला. रानटीची गुणसूत्रं २०, आपल्याची ४०, त्यामुळे पहिली पिढी वांझ. ती गुणसूत्रं दुप्पट करून आणि पुढच्या पिढ्यांतून निवड करत ४० वर आणावी लागली. त्या साहित्यातून आलेल्या सीएस १६ या ओळीचा केआरजी १ या वाणाशी संकर करून धारवाडला जीपीबीडी ४ झाला. त्यातला तांबेरा अडवणारा मुख्य तुकडा ए०३ या गुणसूत्रावर आहे, आणि त्याच्या लगतच्या आयपीएएचएम १०३ सारख्या खुणा कोवळ्या पानाच्या डीएनएतून ओळखता येतात. इक्रिसॅटने हाच तुकडा जेएल २४, ट्रॉम्बेचा टीएजी २४ आणि आयसीजीव्ही ९१११४ या तिन्ही वाणांत प्रत्येक पिढीत खूण तपासत उतरवला. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या ११ पैकी एखाद्यात हा तुकडा सापडला तर ती भेसळ होती हे जवळजवळ नक्की. तुकडा नाही, आणि तरीही झाड रानात आणि ट्रेमध्ये टिकतं, अशी ओळ निघाली तर ती मला स्वतःला बघायला आवडेल. खूण सापडली तरी रानातली चाचणी टाळता येत नाही: खूण तुकडा सांगते, तो तुमच्या वाणात किती काम करतो ते रानच सांगतं.

गव्हाची पद्धत वेगळी आहे, कारण तिथे तांबेऱ्याच्या रेस, म्हणजे बुरशीचे उपप्रकार, अनेक आणि सतत बदलणाऱ्या. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात थंड हवेमुळे बीजाणू जिवंत ठेवता येतात आणि एकेका रेसची रोपावस्थेत चाचणी होते. त्या केंद्राबद्दल ऐकून काही जण भुईमुगातही रोपं तपासून निकाल द्यायला जातात. भुईमुगात रोपावर थांबू नका; त्याची सावकाश वाढू देणारी प्रतिकारशक्ती मोठ्या झाडावर आणि पूर्ण हंगामातच नीट कळते.

उत्पन्न तपासायला दुसऱ्या वर्षी प्रत्येक चांगल्या ओळीचे दोन संच लावा. एका संचावर टेब्युकोनॅझोल किंवा क्लोरोथॅलोनिल लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात वेळेवर फवारून रोग येऊच द्यायचा नाही, दुसऱ्यावर काहीच फवारायचं नाही. दोन्हींच्या वाळलेल्या शेंगांच्या वजनातला फरक म्हणजे त्या ओळीचं रोगाने झालेलं नुकसान. फरक कमी आणि फवारलेल्या संचाचं वजन जेएल २४ च्या बरोबरीचं, अशी ओळ मिळाली तरच पुढे जा. फरक कमी पण वजनच कमी असेल तर ती ओळ वाण म्हणून चालणार नाही. संकरासाठी मात्र उपयोगी पडेल, तेव्हा बी फेकू नका.

इतकं झाल्यावर दोन खरिपांच्या नोंदी, भिंगातून काढलेले फोटो आणि प्रत्येक ओळीचं अर्धा किलो बी घेऊन राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या भुईमूग पैदासकारांना किंवा जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेला भेटा. तिथे त्यांच्या रोगग्रस्त शेतात तुमच्या ओळी इतरांबरोबर लागतील. एका गावातली चाचणी कितीही नीट केली तरी दुसऱ्या जिल्ह्याच्या हवेत ती पुन्हा तपासावी लागतेच. ओळ टिकली आणि वेगळी ठरली तर वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ खाली गटाच्या नावाने शेतकरी वाण म्हणून नोंदणी करता येते, आणि शेतकऱ्यांना त्याचं नोंदणी शुल्क पडत नाही. बी देताना पावती घ्या, प्रत्येक पिशवीवर मूळ झाडाचा क्रमांक आणि सापडलेलं रान लिहा, आणि डब्यातलं ते निम्मं बी कुणालाही देऊ नका.